वक्र पृष्ठभागावरील पॅच अँटेना व्यूह

वक्र पृष्ठभागावरील पॅच अँटेना व्यूह म्हणजे पातळ, सपाट धातुपट्ट्यांच्या अनेक अँटेनांची अशी रचना, की जी विमानाचे अंग, क्षेपणास्त्राचे कवच, वाहनाचे छत किंवा मनुष्याचा दंड अशा वाकलेल्या पृष्ठभागावर त्याच्या आकाराला धरून बसविलेली असते. असा व्यूह बहुधा सपाट अवस्थेत आखला जातो आणि नंतर वाकविला जातो. वाकविल्यामुळे त्याचा प्रारण-आकृतिबंध बदलतो. प्रारण-आकृतिबंध म्हणजे अँटेना कोणत्या दिशेला किती तीव्रतेने विद्युतचुंबकीय तरंग पाठवतो, किंवा कोणत्या दिशेकडून ते किती क्षमतेने ग्रहण करतो, हे दाखविणारा आलेख होय.

वाकविण्याचे प्रमुख परिणाम दोन आहेत. पहिला असा, की व्यूहातील निरनिराळ्या घटकांपासून दूरच्या बिंदूपर्यंतची अंतरे एकमेकांशी जुळेनाशी होतात, आणि त्यामुळे तरंग एकाच कलेत, म्हणजेच एकाच फेजमध्ये, पोहोचत नाहीत. दुसरा असा, की प्रत्येक घटकाचे तोंड वेगळ्या दिशेला वळते. पहिला दोष विद्युत-परिपथाच्या साहाय्याने जवळजवळ पूर्णपणे दूर करता येतो. दुसरा दोष भूमितीतून आलेला असल्याने तो कमी करता येतो, परंतु नाहीसा करता येत नाही. या विषयातील बहुतेक अभिकल्प या भेदावर उभे आहेत.

पार्श्वभूमी

पॅच अँटेना हा मायक्रोस्ट्रिप अँटेनाचा सर्वांत प्रचलित प्रकार आहे. विद्युतरोधक पदार्थाच्या पातळ थराच्या एका बाजूस संपूर्ण तांब्याचा पत्रा असतो, त्यास भूपृष्ठ म्हणतात. दुसऱ्या बाजूस आयताकृती किंवा वर्तुळाकार तांब्याचा तुकडा असतो, तोच पॅच. मुद्रित परिपथाची पाटी ज्या पद्धतीने तयार करतात, त्याच पद्धतीने हा अँटेना तयार होतो. म्हणून तो स्वस्त, हलका आणि कमी जाडीचा असतो.

आयताकृती पॅचची लांबी त्या विद्युतरोधकातील तरंगलांबीच्या साधारण निम्मी ठेवतात. या लांबीला पॅचमध्ये अनुस्पंदन होते आणि त्याच्या दोन टोकांच्या कडांमधून प्रारण बाहेर पडते. २.४५ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेला हवेतील तरंगलांबी सुमारे १२२.४ मिलिमीटर असते. परिपथाच्या पाट्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एफआर-४ या पदार्थावर त्याच वारंवारतेचा पॅच सुमारे २९ मिलिमीटर लांबीचा होतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ ही साधने याच वारंवारतेच्या आसपास चालतात.

एकटा पॅच आपल्या समोरच्या जवळजवळ अर्ध्या गोलार्धात प्रारण पसरवितो. ऊर्जा एका अरुंद दिशेत केंद्रित करावयाची असेल, तर अनेक पॅच ठराविक अंतरांवर मांडून त्यांना एकत्र चालवावे लागते. या मांडणीला व्यूह म्हणतात. व्यूहातील शेजारच्या घटकांमधील अंतर बहुधा अर्ध्या तरंगलांबीच्या जवळपास ठेवतात. अंतर फार वाढविल्यास मुख्य दिशेइतकेच प्रबळ प्रारण नको त्या दिशेतही निर्माण होते.

सपाट व्यूहाची शलाका

नांदेडजवळील विष्णुपुरी येथे गोदावरी नदीवर मोठा जलाशय आहे. अशा विस्तीर्ण व संथ पाण्यावर चार तरंगक एका सरळ रेषेत ठेवले आणि ते एकाच वेळी वर-खाली हलविले, तर प्रत्येकाभोवती वर्तुळाकार लाटा उठतील. रेषेच्या समोर बऱ्याच अंतरावर चारही तरंगकांच्या लाटांचे माथे एकाच वेळी पोहोचतील व एकमेकांत मिळून उंच लाट तयार होईल. तिरप्या दिशेला मात्र एकाचा माथा आणि दुसऱ्याचा खळगा एकत्र आल्याने लाटा परस्परांना क्षीण करतील. सपाट अँटेना व्यूहाचे कार्य याच तत्त्वावर चालते.

समोरच्या दिशेतील या प्रबळ प्रारणाला मुख्य शलाका म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना कमी तीव्रतेच्या पार्श्वशलाका असतात, आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ प्रारणशून्य अशा दिशा असतात. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर मांडलेल्या चार घटकांच्या सपाट व्यूहाच्या मुख्य शलाकेची अर्धशक्ती-रुंदी सुमारे २६ अंश असते. म्हणजे या कोनाच्या दोन्ही टोकांना तीव्रता कमालमूल्याच्या निम्मी होते.

सपाट व्यूहाचे गणित सोपे होण्यास एक कारण आहे. सर्व घटक एकसारखे आणि एकाच दिशेला तोंड करून असल्याने एकूण आकृतिबंध हा ‘एका घटकाचा आकृतिबंध’ आणि ‘मांडणीमुळे येणारा गुणक’ यांचा गुणाकार असतो. मांडणीच्या या गुणकाला व्यूह-गुणक म्हणतात. व्यूह वाकविला की हा गुणाकार-नियम लागू पडत नाही, कारण घटकांची तोंडे एकाच दिशेला राहत नाहीत. तेथे प्रत्येक घटकाचे योगदान त्याच्या स्वतःच्या दिशेनुसार व कलेनुसार वेगळे काढून त्यांची बेरीज करावी लागते.

वाकविल्याने होणारे बदल

मार्गातील फरक

वरील उदाहरणातील चार तरंगक सरळ रेषेऐवजी धनुष्याच्या कमानीसारखे मांडले, तर टोकाकडील तरंगक समोरच्या किनाऱ्यापासून किंचित मागे जातात आणि त्यांच्या लाटा उशिरा पोहोचतात. अँटेना व्यूह दंडगोलावर वाकविल्यास हेच घडते. कमानीच्या शिखरापासून एखादा घटक जितक्या कोनावर असेल, त्यानुसार तो मागे पडतो. मागे पडण्याचे हे अंतर त्रिज्या गुणिले ‘एक वजा त्या कोनाची कोज्या’ इतके असते. कोन लहान असताना हेच अंतर, शिखरापासून घटकापर्यंतच्या लांबीच्या वर्गाला त्रिज्येच्या दुपटीने भागले असता मिळते.

या सूत्रातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निघतात. मागे पडण्याचे प्रमाण त्रिज्येच्या व्यस्त असते, म्हणजे वाक जितका तीव्र तितका दोष अधिक. तसेच ते लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे व्यूहाची लांबी दुप्पट केली तर टोकाचा दोष चौपट होतो. म्हणूनच लहान व्यूहाला जो वाक जाणवतही नाही, तोच मोठ्या व्यूहाची शलाका विस्कटून टाकू शकतो.

मागे पडण्याचे अंतर मिलिमीटरमध्ये किती, याला स्वतंत्र अर्थ नाही. ते तरंगलांबीच्या किती भाग आहे, हे महत्त्वाचे. एक पूर्ण तरंगलांबी म्हणजे कलेतील ३६० अंशांचा फरक. अर्धी तरंगलांबी म्हणजे १८० अंश, आणि इतका फरक पडल्यास दोन समान तरंग एकमेकांना पूर्णपणे रद्द करतात. एकच वाक कमी वारंवारतेला निरुपद्रवी आणि अधिक वारंवारतेला घातक ठरतो, तो यामुळे.

घटकांची तोंडे वळणे

पॅच आपल्या पृष्ठभागाला लंब दिशेत सर्वाधिक प्रारण करतो आणि बाजूकडे ते कमी होत जाते. कमानीच्या टोकाकडील पॅचची लंब दिशा समोर नसून बाहेरच्या अंगाला असते. त्यामुळे समोरच्या दिशेला त्याचे योगदान घटते. ही घट कलेतील फरकाहून स्वतंत्र आहे. सर्व तरंग एकाच कलेत आणले तरी बाहेरच्या अंगाला वळलेला पॅच आपली बरीचशी ऊर्जा दुसरीकडेच पाठवीत राहतो. पूर्ण दंडगोलाभोवती गुंडाळलेल्या व्यूहात तर पाठीमागचे घटक छायेत जातात आणि समोरच्या दिशेला जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

परस्पर युग्मन

शेजारचे पॅच एकमेकांवर प्रभाव टाकतात. एकाची काही ऊर्जा दुसऱ्यात शिरते. यास परस्पर युग्मन म्हणतात. सपाट व्यूहात हे युग्मन विद्युतरोधकातील पृष्ठतरंगांद्वारे आणि थेट हवेतून होते. वक्र पृष्ठभागावर तरंग पृष्ठभागाला चिकटून, त्याच्या वळणाने पुढे सरकतात व सरकताना प्रारणाद्वारे ऊर्जा गमावतात. त्यामुळे युग्मनाचे मूल्य बदलते. व्यूह लहान असेल किंवा वाक तीव्र असेल, तर काटेकोर अभिकल्पात हा बदल दुर्लक्षिता येत नाही.

एकट्या पॅचवरील परिणाम

पॅच स्वतःही वाकतो. वाक पॅचच्या अनुस्पंदी लांबीच्या दिशेने असेल, तर परिणाम अधिक जाणवतो; रुंदीच्या दिशेने असेल, तर तो कमी असतो. अनुस्पंदनाची वारंवारता थोडी सरकते आणि पुरवठा-तारेशी असलेला मेळ बिघडू शकतो. मेळ बिघडला की पुरविलेल्या शक्तीचा काही भाग परावर्तित होऊन मागे येतो. पॅच हा लहान असल्याने पातळ थरावर आणि मध्यम वाकाला हा बदल सामान्यतः मर्यादित असतो. मात्र पॅचचा पट्टा अरुंद असतो, म्हणून वारंवारतेतील लहान सरकही काही उपयोगांत अडचणीची ठरते.

संख्यात्मक उदाहरण

२.४५ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेचा चार घटकांचा एक व्यूह घेऊ. शेजारच्या घटकांमधील अंतर अर्धी तरंगलांबी, म्हणजे ६१.२ मिलिमीटर आहे. व्यूहाच्या मध्यापासून आतले दोन घटक ३०.६ मिलिमीटरवर आणि बाहेरचे दोन ९१.८ मिलिमीटरवर येतात. हा व्यूह निरनिराळ्या त्रिज्यांच्या दंडगोलांवर बाहेरच्या बाजूने वाकविला आहे. चारही घटकांना सारखीच शक्ती मिळते, प्रत्येक घटकाचे क्षेत्र त्याच्या लंब दिशेपासूनच्या कोनाच्या कोज्येप्रमाणे घटते आणि परस्पर युग्मन नगण्य आहे, असे येथे गृहीत धरले आहे. शेवटच्या दोन स्तंभांत समोरच्या दिशेतील तीव्रता सपाट व्यूहाच्या तुलनेत दिली आहे.

| त्रिज्या | बाहेरच्या घटकांचा कल | आतल्या व बाहेरच्या घटकांतील कलेचा फरक | दुरुस्तीविना तीव्रता | कला-दुरुस्तीनंतर तीव्रता |
|---|---|---|---|---|
| सपाट | ० अंश | ० अंश | १०० टक्के | १०० टक्के |
| ४०० मिमी | १३ अंश | २७ अंश | ९२ टक्के | ९७ टक्के |
| २०० मिमी | २६ अंश | ५४ अंश | ७१ टक्के | ८९ टक्के |
| १०० मिमी | ५३ अंश | १०२ अंश | २६ टक्के | ६१ टक्के |

१०० मिलिमीटर त्रिज्येच्या दंडगोलावर बाहेरचे घटक शिखरापासून सुमारे ३९ मिलिमीटर मागे पडतात, तर आतले घटक ५ मिलिमीटरपेक्षाही कमी. समोरच्या दिशेतील तीव्रता जवळजवळ एक चतुर्थांशावर येते; डेसिबलमध्ये ही घट सुमारे ५.९ इतकी आहे. मोकळ्या अवकाशात तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे तोच प्रेषक व तोच ग्राही असताना संपर्काचे कमाल अंतर जवळजवळ निम्म्यावर येते. कलेची दुरुस्ती केल्यास तीव्रता ६१ टक्क्यांपर्यंत परत येते. उरलेली ३९ टक्के घट ही घटकांची तोंडे वळल्यामुळे आलेली आहे. कलेची कोणतीही दुरुस्ती ती भरून काढू शकत नाही.

समोरून हरवलेली ऊर्जा नष्ट होत नाही, ती अन्य दिशांना जाते. वरील गृहीतकांवर १०० मिलिमीटर त्रिज्येचा आकृतिबंध काढल्यास असे दिसते, की समोरच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांपर्यंत तीव्रता जवळजवळ सारखीच राहते. अर्धशक्ती-रुंदी सपाट अवस्थेतील २६ अंशांवरून ९० अंशांच्या आसपास जाते. टोकदार शलाकेच्या जागी बसक्या माथ्याची रुंद शलाका तयार होते आणि सपाट व्यूहाच्या प्रारणशून्य दिशा भरून निघतात. दूरच्या एकाच स्थानकाशी बोलावयाचे असेल, तर हे नुकसान आहे. चालत्या माणसाच्या अंगावरील यंत्राला मात्र रुंद शलाका सोयीची ठरू शकते.

वाकाची सुसह्य मर्यादा

व्यूहाच्या मध्यापासून टोकापर्यंत कलेचा फरक २२.५ अंशांच्या आत, म्हणजे तरंगलांबीच्या एक-षोडशांशाच्या आत राहिला, तर आकृतिबंधातील बदल अनेक कामांना चालण्याजोगा मानतात. वरील सूत्रात हे मूल्य घातल्यास किमान त्रिज्या ‘व्यूहाच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी’ इतकी येते. अँटेनाचे दूरक्षेत्र किती अंतरापासून सुरू होते, हे ठरविण्याचे प्रचलित सूत्रही हेच आहे. दोन्ही ठिकाणी वक्राकार तरंगाघाडी सपाट मानण्याचीच अट असल्याने हे साम्य येते.

चार घटकांच्या वरील व्यूहात टोकाच्या दोन घटकांमधील अंतर १८३.६ मिलिमीटर आहे. त्यासाठी ही मर्यादा सुमारे ५५ सेंटिमीटर त्रिज्येची येते. त्याच अंतरांवर आठ घटक मांडल्यास व्यूहाची लांबी ४२८.४ मिलिमीटर होते आणि मर्यादा सुमारे ३ मीटरवर जाते.

बहिर्वक्र आणि अंतर्वक्र पृष्ठभाग

विमानाच्या अंगासारख्या बाहेर फुगलेल्या, म्हणजे बहिर्वक्र पृष्ठभागावर टोकाचे घटक मागे पडतात. वाडग्यासारख्या अंतर्वक्र पृष्ठभागावर ते पुढे येतात. कलेतील फरकाचे परिमाण तेच राहते, पण चिन्ह उलटते. म्हणून दुरुस्तीही उलट चिन्हाची करावी लागते. अंतर्वक्र रचनेत घटकांची तोंडे आत, एकमेकांच्या दिशेला वळतात. त्यामुळे त्यांच्यातील थेट युग्मन वाढते. वक्रतेच्या केंद्राजवळ तरंग एकत्र येऊन ऊर्जा केंद्रित होते, परंतु त्यापलीकडे, दूरक्षेत्रात, ते पुन्हा पसरतात.

ध्रुवणावरील परिणाम

तरंगातील विद्युतक्षेत्र ज्या दिशेत दोलन करते, ती त्याच्या ध्रुवणाची दिशा होय. दंडगोलावर केवळ एकाच दिशेने वाक असतो. व्यूह त्या दिशेने वाकविला असता वाकाच्या प्रतलात सर्व घटकांची क्षेत्रे एकाच प्रतलात राहतात व ध्रुवणाची शुद्धता टिकते. गोल किंवा क्षेपणास्त्राचे टोक अशा दोन दिशांनी वाकलेल्या पृष्ठभागांवर हे शक्य होत नाही. तेथे वेगवेगळ्या घटकांच्या ध्रुवणदिशा अवकाशात एकमेकींशी कोन करतात आणि आडव्या ध्रुवणाचे नको असलेले प्रारण वाढते. अशा ठिकाणी प्रत्येक घटकाला दोन परस्परलंब ध्रुवणांचे पुरवठे देऊन त्यांचे प्रमाण घटकागणिक जुळवावे लागते.

दुरुस्तीच्या पद्धती

स्थिर दुरुस्ती. पृष्ठभागाचा आकार आधीच ठाऊक असेल आणि तो बदलणार नसेल, तर प्रत्येक घटकाच्या पुरवठा-तारेची लांबी अशी ठेवतात, की मागे पडलेल्या घटकाला तरंग तेवढाच लवकर मिळावा. यासाठी व्यूहासमोर एक काल्पनिक सपाट प्रतल मानतात आणि त्या प्रतलावर सर्व तरंग एकाच कलेत पोहोचतील, अशी व्यवस्था करतात. ही पद्धत स्वस्त व विश्वासार्ह आहे. परंतु ती एकाच आकारापुरती आणि वारंवारतेच्या मर्यादित पट्ट्यापुरतीच उपयोगी पडते.

कला-परिवर्तक. पृष्ठभाग बदलत असेल किंवा शलाका फिरवावयाची असेल, तर प्रत्येक घटकाला स्वतंत्र कला-परिवर्तक जोडतात. विद्युतदाब बदलून त्याची कला बदलता येते. येथे वाकाचे मूल्य मोजणे हा खरा प्रश्न असतो. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातील बेंजामिन ब्रॅटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्वतःहून जुळवून घेणाऱ्या लवचीक व्यूहाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात पृष्ठभागाचा वाक जाणणारा संवेदक-परिपथ कला-परिवर्तकांना नियंत्रित करतो, त्यामुळे वाक बदलला तरी मुख्य शलाका सावरली जाते.

घटकांची निवड. पूर्ण दंडगोलाभोवतीच्या व्यूहात ज्या दिशेला शलाका हवी, तिकडे तोंड असलेलेच घटक चालू ठेवतात व बाकीचे बंद करतात. शलाका फिरविताना चालू घटकांचा पट्टाही दंडगोलाभोवती सरकतो. तोंडे वळण्याच्या दोषावर हा सर्वांत व्यवहार्य उपाय आहे. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक क्षणी काही घटक विनावापर राहतात. या रचनेचा मोठा लाभ असा, की ३६० अंशांत कोठेही शलाका जवळजवळ सारख्याच आकाराची मिळते. सपाट व्यूहाची शलाका बाजूकडे झुकविल्यास रुंद व क्षीण होते. ही अडचण येथे येत नाही.

शक्तीचे वाटप. घटकांना दिल्या जाणाऱ्या शक्तीचे प्रमाण बदलून पार्श्वशलाका कमी करता येतात. वक्र व्यूहासाठी योग्य प्रमाण शोधण्याचे काम संगणकीय इष्टतमीकरणाने करतात, कारण सपाट व्यूहाची तयार सूत्रे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

मापन

वक्र व्यूहाची चाचणी सामान्यतः तीन टप्प्यांत होते. प्रथम व्यूह सपाट ठेवून त्याचे परावर्तन आणि आकृतिबंध मोजतात. नंतर तो ठाऊक त्रिज्येच्या, तरंगांना अडथळा न करणाऱ्या आधारावर, उदाहरणार्थ फेसाळ प्लॅस्टिकच्या दंडगोलावर बसवितात आणि तीच मापने पुन्हा घेतात. शेवटी दुरुस्ती लागू करून तिसऱ्यांदा मोजतात. परावर्तन मोजण्यासाठी व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर हे उपकरण वापरतात. आकृतिबंध मोजण्यासाठी तरंग शोषून घेणाऱ्या भिंतींच्या खोलीत व्यूह फिरत्या मंचावर ठेवून दूर ठेवलेल्या प्रमाण अँटेनाने प्रत्येक कोनातील तीव्रता नोंदवितात.

तीन मापनांची तुलना केल्यास दोष कोठून आला, हे ओळखता येते. परावर्तन वाढले असेल, तर पॅचच्या अनुस्पंदनात बदल झालेला असतो. परावर्तन तेच राहून शलाका पसरली असेल, तर कारण मुख्यतः कलेतील फरकात असते. दुरुस्तीनंतरही उरणारी घट बहुतांशी तोंडे वळल्याची असते.

इतिहास

मायक्रोस्ट्रिप अँटेनाची कल्पना अमेरिकेत जॉर्ज देशाँ यांनी १९५३ मध्ये मांडली. परंतु उत्तम प्रतीचे विद्युतरोधक थर उपलब्ध होईपर्यंत ती दीर्घकाळ कागदावरच राहिली. १९७० च्या दशकात रॉबर्ट मन्सन आणि जॉन हॉवेल यांच्या कार्यामुळे तिला व्यावहारिक रूप मिळाले. मन्सन यांचा जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला लेख वक्र पृष्ठभागाला धरून बसणाऱ्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांविषयीच होता. क्षेपणास्त्राभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला अँटेना ही त्यामागील प्रमुख गरज होती. क्षेपणास्त्राच्या अंगातून बाहेर आलेला कोणताही भाग वाऱ्याचा अडथळा वाढवितो, म्हणून अंगाशी समतल राहणारा अँटेना हवा होता. म्हणजे वक्र पृष्ठभागाची गरज ही पॅच अँटेनाच्या प्रसारामागील मूळ कारणांपैकी एक होती.

उपयोग

विमाने व मानवरहित विमाने यांत अँटेना अंगाशी समतल बसविल्यास वाऱ्याचा अवरोध व वजन वाचते. शरीरावर धारण करावयाच्या वैद्यकीय आणि संपर्क यंत्रांत कापडावर किंवा लवचीक प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर बसविलेले पॅच वापरतात. तेथे वाक सतत बदलत असतो आणि शरीरातील पाण्याचाही अँटेनावर परिणाम होतो, म्हणून भूपृष्ठ असलेला पॅच अँटेना अधिक पसंत केला जातो. भूपृष्ठ शरीर आणि प्रारण यांच्यात आडोशाचे काम करते.

हेतुपुरस्सर सपाट ठेवलेल्या व्यूहांनाही हे गणित लागू पडते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २६ एप्रिल २०१२ रोजी प्रक्षेपित केलेल्या रिसॅट-१ या रडार उपग्रहावर ५.३५ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेचा सक्रिय अँटेना व्यूह होता. या वारंवारतेला तरंगलांबी सुमारे ५६ मिलिमीटर असते. उष्णतेमुळे किंवा घडी उलगडताना अशा व्यूहाचा एखादा भाग ५ मिलिमीटर जरी पुढे-मागे झाला, तरी कलेत सुमारे ३२ अंशांचा फरक पडतो. अवकाशातील मोठ्या व्यूहांची सपाटी काटेकोरपणे जपावी लागते, ती याच कारणामुळे.

याच्या उलट उदाहरण पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत आढळते. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० परवलयाकार तबकड्या पॅच अँटेना नाहीत, परंतु कलेचा नियम त्यांनाही लागू आहे. ही दुर्बीण मुख्यतः मीटरच्या आसपासच्या लांब तरंगांवर काम करते. तेथे काही मिलिमीटरांची अनियमितता तरंगलांबीचा अत्यल्प भाग असते. म्हणूनच भरीव पत्र्याऐवजी दोरांनी ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीचा पृष्ठभाग तेथे पुरेसा ठरला आणि खर्च आटोक्यात राहिला.

महाराष्ट्रातील अध्ययन व संशोधन

मायक्रोस्ट्रिप अँटेनाच्या अभ्यासात महाराष्ट्राचे योगदान लक्षणीय आहे. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील गिरीश कुमार आणि ‘समीर’ या संस्थेतील के. पी. रे यांनी रुंद पट्ट्याच्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांविषयी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅचचा पट्टा अरुंद असणे ही या अँटेनाची मूळ उणीव आहे, आणि ती दूर करण्याच्या पद्धती हा या ग्रंथाचा विषय आहे. वाकविल्यामुळे अनुस्पंदन सरकण्याच्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध येतो. पट्टा पुरेसा रुंद असेल, तर वारंवारता थोडी सरकली तरी अँटेना निकामी होत नाही. समीर ही सूक्ष्मतरंग अभियांत्रिकीतील संशोधन संस्था १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झाली.

मराठवाड्यात नांदेडजवळील विष्णुपुरी हे तांत्रिक व उच्च शिक्षणाचे केंद्र आहे. येथील श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. तेथे इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे मुख्य परिसरही विष्णुपुरी येथेच आहे. हे विद्यापीठ १९९४ मध्ये अस्तित्वात आले आणि त्याचे उपकेंद्र लातूर येथे आहे.

या विषयाच्या प्राथमिक अभ्यासाला महागड्या साधनांची आवश्यकता नाही. वर दिलेल्या कोष्टकातील सर्व आकडे त्रिकोणमितीच्या शालेय ज्ञानावर आणि साध्या गणकयंत्रावर पडताळून पाहता येतात. घटकांची संख्या, त्रिज्या किंवा वारंवारता बदलून तेच गणित पुन्हा केल्यास कोणत्या दोषाचा वाटा किती, हे विद्यार्थ्यास स्वतः शोधता येते. परस्पर युग्मन आणि पॅचच्या अनुस्पंदनातील बदल यांसाठी मात्र संगणकीय प्रतिरूपण किंवा प्रत्यक्ष मापन यांना पर्याय नाही.

हेही पहा

अँटेना · मायक्रोस्ट्रिप अँटेना · तरंगांचे व्यतिकरण · ध्रुवण · महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण · विष्णुपुरी